अक्षराची साक्ष

सन १८९४ च्या ऑक्टोबर महिन्याची १५ तारीख. पॅरिस शहरांतील फ्रेंच युद्धखात्याच्या कचेरींत आल्फ्रेड ड्रेफस नांवाच्या पस्तीस वर्षांच्या एका कॅप्टनला सकाळीं बोलावणें आलें होतें. गणवेष न घालतां साध्या पोषाखांत यावें, अशी त्यांत सूचना होती. तो पोंचला तेव्हां मेजर द्यु पाती द क्लाम हा अधिकारी हाताला काळा मोजा चढवून बसला होता. बोटाला इजा झाली आहे, एक पत्र लिहावयाचें आहे, तेवढें उतरून द्यावें, अशी त्यानें विनंति केली. ड्रेफस मेजाशीं बसला व सांगितलेला मजकूर लिहूं लागला. थोड्या ओळी होतात न होतात तोंच मेजरनें त्याला हात कांपण्याचें कारण विचारलें. बोटें गारठलीं आहेत, असें ड्रेफसनें सांगितलें. मेजरला तें पटलें नाहीं. थोड्याच वेळानें त्यानें ड्रेफसच्या खांद्यावर हात ठेवला आणि देशद्रोहाच्या आरोपावरून त्याला अटक केली.

त्या ओळी पुढें लष्करी न्यायालयासमोर आल्या. अक्षर कोठेंहि कांपलेलें नाहीं, असें बचावाच्या बाजूनें दाखवून देण्यांत आलें. तेव्हां मेजरचें उत्तर तयारच होतें. ज्या अर्थीं हात कांपला नाहीं, त्या अर्थीं आरोपीला आधींच सुगावा लागलेला असला पाहिजे! हात कांपला तर तो अपराधी, आणि न कांपला तर तो सावध अपराधी. एका निरपराध मनुष्याच्या आयुष्याचीं बारा वर्षें ज्या प्रकरणांत होरपळून निघालीं, त्याचा प्रारंभ असा एका हस्ताक्षरापासून झाला.

हस्ताक्षराविषयीं विचारण्यासारखे प्रश्न दोन आहेत. हें अक्षर कोणाचें, हा पहिला. आणि हें अक्षर लिहिणारा मनुष्य कसा आहे, हा दुसरा. पहिला ओळखीचा प्रश्न आहे, दुसरा स्वभावाचा. दोहोंचीं साधनें निराळीं आहेत व त्यांच्या उत्तरांची विश्वासार्हताहि निराळी आहे. परंतु गेल्या चार शतकांच्या इतिहासांत हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले गेले, आणि जेव्हां जेव्हां ते मिसळले तेव्हां तेव्हां कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागली.

अक्षराच्या लकबी टिपण्याची हौस मात्र फार जुनी आहे. रोमन चरित्रकार स्युटोनियस यानें ऑगस्टस बादशहाची एक लकब नमूद करून ठेवली आहे. ओळीच्या शेवटीं शब्द मावेनासा झाला तर बादशहा तो तोडून पुढच्या ओळींत नेत नसे. उरलेलीं अक्षरें तो त्याच शब्दाखालीं लिही व त्यांना रेघेनें वेढून टाकी. यावरून बादशहा काटकसरी होता कीं हट्टी होता, असा तर्क चरित्रकारानें लढविलेला नाहीं. तसा तर्क लढविणारें पहिलें प्रसिद्ध पुस्तक १६२२ सालीं इटलींत निघालें. त्याचा कर्ता बोलोन्या येथील विद्यापीठांतला अध्यापक कामिल्लो बाल्दी हा होय. पत्रावरून पत्रलेखकाचा स्वभाव व गुण कसे ओळखावे, हाच त्या पुस्तकाचा विषय होता. पुढें झुरिच येथील धर्मोपदेशक लाव्हाटर यानें १७७५ ते १७७८ या काळांत मुखसामुद्रिकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेहऱ्याबरोबर हस्ताक्षराचाहि विचार त्यांत आला आहे.

या कल्पनेला शास्त्राचा पोषाख चढविला तो फ्रान्समधील आबे मिशों या धर्मगुरूनें. ‘ग्राफॉलॉजी’ हें नांव त्यानेंच रूढ केलें. १८७१ सालीं त्यानें या विषयाचें नियतकालिक काढलें आणि १८७५ सालीं आपली पद्धति ग्रंथरूपानें मांडली. त्याची रीत सोपी होती. अक्षराच्या प्रत्येक खुणेला एकेक गुण नेमून दिलेला. रोमन लिपींतील ‘टी’ या अक्षराची आडवी रेघ ठसठशीत असली तर इच्छाशक्ति दांडगी. ओळ वर चढत गेली तर मनुष्य उमेदीचा. एखादी खूण अक्षरांत नसेल तर तिच्या उलट गुण त्या मनुष्याच्या ठिकाणीं आहे, असेंहि तो मानी. त्याच्या मागून आलेला क्रेप्यू-जामें हा व्यवसायानें दंतवैद्य होता. एक खूण म्हणजे एक गुण, हें कोष्टक त्यानें नाकारलें. एकाच खुणेचा अर्थ सबंध लेखनाच्या संदर्भानें बदलतो आणि खुणेच्या अभावावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, असें त्याचें मत होतें. कोष्टक गेल्यामुळें शास्त्र अधिक समंजस झालें खरें. परंतु तें पडताळून पाहणें त्याच मानानें अवघड झालें.

महाराष्ट्रांत अक्षराकडे पाहण्याची दृष्टि निराळी होती. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. कागद, शाई, लेखणी यांची तयारी कशी करावी, अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें कसें काढावें, याची तेथें तपशीलवार शिकवण आहे. सबंध पोथी एकाच हातानें, एकाच दमांत उतरल्यासारखी दिसावी, हा त्या शिकवणीचा आदर्श. लेखकाचा स्वभाव अक्षरांत उमटावा, अशी अपेक्षा तेथें नाहीं. तो उमटूं नये, असाच एकंदर रोख आहे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांचीहि तीच तऱ्हा. आधीं पानभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग बोरू फारसा न उचलतां तिच्याखालीं अक्षरें झरझर सोडीत जावयाचीं. एका दप्तरांत तयार झालेल्या माणसांचे हात एकमेकांशीं मिळतेजुळते होत. कारण हात तालमींत घडत असे. मराठींत ‘वळण’ हा एकच शब्द अक्षरालाहि लावतात आणि आचरणालाहि. दोन्ही गोष्टी जन्माबरोबर येत नाहींत, लावाव्या लागतात, हा अर्थ त्या शब्दांतच आहे. 

हें लक्षांत घेतलें म्हणजे हस्ताक्षराची घडण समजते. प्रत्येकाच्या अक्षरांत एक भाग शाळेचा, पंतोजींचा व काळाचा असतो. तो हजारों लोकांत समान असतो. त्यावर त्या व्यक्तीच्या स्नायूंची, घाईची व संवयीची छटा चढते. ‘कोणाचें अक्षर’ हें ठरवितांना तपासनिसानें या दुसऱ्या भागाकडे पाहावयाचें असतें. पहिल्या भागांतील साम्याला तो भुलला तर एकाच शाळेंत शिकलेलीं दोन माणसें त्याला एकच वाटूं लागतात. ड्रेफसच्या प्रकरणांत नेमकें हेंच घडलें, आणि त्यांत दुसऱ्या प्रश्नाचें विष मिसळलें.

हकीकत अशी. पॅरिसमधील जर्मन वकिलातींत झाडलोट करणारी एक बाई केराच्या टोपलींतील कागद फ्रेंच हेरखात्याला पोंचवीत असे. १८९४ च्या सप्टेंबरांत त्या मार्गानें एक बिनसहीची यादी खात्याच्या हातीं आली. फ्रेंच सैन्याचीं गुपितें जर्मनांना पुरविण्याची ती यादी होती. लिहिणारा तोफखान्याचा जाणकार असावा, असा तर्क निघाला. तेव्हां तोफखान्याचा अधिकारी, जन्मानें अल्सेसचा व धर्मानें यहुदी असलेल्या ड्रेफसवर नजर गेली. त्याचें अक्षर यादीच्या अक्षरासारखें दिसलें. बँक ऑफ फ्रान्सचा तज्ज्ञ गोबेर याला ताळा पटेना. यादी दुसऱ्या कोणाची असूं शकेल, असें त्यानें कळविलें. मग पॅरिसच्या पोलीस खात्यांतील आल्फोन्स बर्तियों याला विचारण्यांत आलें. गुन्हेगारांच्या शरीराचीं मापें घेऊन त्यांची ओळख पटविण्याची पद्धत बसविणारा म्हणून त्याची कीर्ति युरोपभर झाली होती. परंतु हस्ताक्षर हा त्याचा विषय नव्हे. त्यानें अक्षर ड्रेफसचेंच म्हणून सांगितलें. नंतर नेमलेल्या तिघां तज्ज्ञांपैकीं दोघे ड्रेफसच्या विरुद्ध गेले, एक त्याच्या बाजूनें राहिला.

दोन अक्षरांत जे फरक उघड दिसत होते त्यांचें काय करावयाचें? बर्तियोंनें त्यावर एक अजब उपपत्ति काढली. ड्रेफसनें स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, आणि पकडलें गेल्यास ‘हें बनावट आहे’ असें म्हणतां यावें म्हणून तींत मुद्दाम फरक घातले! म्हणजे साम्य दिसेल तेथें ड्रेफसचा हात, आणि फरक दिसेल तेथें ड्रेफसची लबाडी. कांपणाऱ्या व न कांपणाऱ्या हाताचेंच हें दुसरें रूप. ज्या कसोटींत होकार व नकार यांचें फळ एकच निघतें, ती कसोटी नव्हे. तो आधीं ठरलेला निकाल होय.

१८९४ च्या २२ डिसेंबरला ड्रेफसला जन्मठेप झाली. आरोपीला व त्याच्या वकिलाला न दाखविलेलें एक गुप्त पाकीट न्यायाधीशांकडे पाठविण्यांत आलें होतें, हेंहि पुढें बाहेर पडलें. ५ जानेवारी १८९५ रोजीं भर मैदानांत त्याचीं पदचिन्हें तोडून तलवार मोडण्यांत आली, आणि त्याच वर्षीं त्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील डेव्हिल्स आयलंड या ओसाड बेटावर नेऊन ठेवण्यांत आलें. इकडे १८९६ सालीं हेरखात्याचा नवा प्रमुख पिकार याच्या हातीं एस्टरहाझी नांवाच्या मेजरचीं पत्रें आलीं. त्यानें तीं यादीशेजारीं ठेवलीं आणि तो चकित झाला. अक्षर तंतोतंत तेंच होतें. त्याच सुमारास एका वर्तमानपत्रानें यादीची छायाप्रत छापली, आणि पुढें ती पाहून एस्टरहाझीच्या ओळखीच्या एका पेढीवाल्यानेंहि तें अक्षर ओळखलें. पहिल्या प्रश्नाचें खरें उत्तर हें असें साध्या डोळ्यांना दिसलें. तरीहि १८९८ च्या जानेवारींत लष्करी न्यायालयानें एस्टरहाझीला निर्दोष सोडलें, आणि दोनच दिवसांनीं एमिल झोला याचें जळजळीत जाहीर पत्र प्रसिद्ध झालें. त्या पत्रांत सेनापतींबरोबर तीन हस्ताक्षरतज्ज्ञांचींहि नांवें होतीं.

१८९९ सालीं रेन येथें ड्रेफसवर पुन्हां खटला चालला व पुन्हां शिक्षा झाली; मात्र अध्यक्षांनीं त्याला लगेच माफी दिली. १९०४ सालीं आंरी प्वांकारे याच्यासह तीन नामांकित गणितज्ञांनीं बर्तियोंचा हिशेब तपासला व तो निराधार ठरविला. अखेर १२ जुलै १९०६ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें शिक्षा रद्द करून ड्रेफसला पूर्ण निर्दोष जाहीर केलें.

त्याच १९०६ सालीं पॅरिसमध्यें एक लहानसें पुस्तक निघालें. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यानें हस्ताक्षराच्या दुसऱ्या प्रश्नाला पहिल्यानेंच शास्त्रीय कसोटी लावून पाहिली होती. आदल्याच वर्षीं त्यानें सिमों याच्या साहाय्यानें बुद्धिमापनाची मोजपट्टी तयार केली होती, आणि तीमुळेंच तो पुढें जगप्रसिद्ध झाला. बिनेची रीत डोळस होती. पत्राचा मजकूर वाचला कीं लिहिणाऱ्याविषयीं मत बनतेंच; मग तें मत अक्षरामुळें झालें कीं मजकुरामुळें, हें कळावें कसें? म्हणून त्यानें पत्त्यापुरतें लिहिलेले लिफाफे घेतले आणि ते स्त्रीनें लिहिले कीं पुरुषानें, हें क्रेप्यू-जामें व इतरांना ओळखावयास सांगितलें. तज्ज्ञांचीं सुमारें तीनचतुर्थांश उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून निम्मीं बरोबर यावयाचीं. तेव्हां अक्षरांत कांहींतरी आहे, हें उघड झालें. परंतु ज्यांनीं या विद्येचें नांवहि काढलें नव्हतें असे सामान्य लोकहि तज्ज्ञांच्या फार मागें राहिले नाहींत. 

पुढें बिनेनें नामवंत विद्वानांचीं व सामान्य बुद्धीच्या माणसांचीं अक्षरें जोडीजोडीनें ठेवलीं, तशींच खुनी गुन्हेगारांचीं व सज्जनांचींहि ठेवलीं. विद्वत्तेच्या बाबतींत तज्ज्ञांना बऱ्यापैकीं यश आलें. नीतिमत्तेच्या बाबतींत तें कमी पडलें. बिनेनें या विद्येची टर उडविली नाहीं. अक्षरांत माहिती असते, पण तीवरचा निर्णय चुकूं शकतो, आणि चुकीचें प्रमाण मोजल्याशिवाय कोणाविषयींहि निर्णय देऊं नये, असा त्याच्या प्रयोगांचा एकंदर बोध आहे. ड्रेफसच्या न्यायाधीशांना हाच बोध हवा होता, आणि तो बारा वर्षें उशिरां आला.

डेव्हिल्स आयलंडवर ड्रेफसला मिळणारा कागद मोजून व अंक घालून दिलेला असे. त्याच्या तेथील वह्यांपैकीं कांहीं आजहि राहिलेल्या आहेत. त्यांत वाचनाचीं टिपणें आहेत, गणितें आहेत, इंग्रजीचा अभ्यास आहे. आणि त्यांच्या मधून एकाच धर्तीची नक्षी पुनःपुन्हां, शेंकडों वेळां काढलेली आहे. ज्याला कर्ता ठाऊक आहे त्याला त्या नक्षींत एकान्तवासाचें दुःख व शुद्धि टिकविण्याची धडपड दिसते. ज्याला ठाऊक नाहीं तो तिला वेडाचें किंवा हट्टाचें लक्षण म्हणेल. नक्षी तीच, अर्थ पाहणारा घालतो.

साध्या चित्रांवरून मन ओळखण्याचा इतिहासहि याच वाटेनें गेला. त्याचा आरंभ सावध होता. बिनेच्या मोजपट्टींत पुढें पांच वर्षांच्या मुलाला चौकोन पाहून काढावयास सांगत. अमेरिकेंत फ्लॉरेन्स गुडइनफ या बाईंनीं १९२६ सालीं मुलांना एका माणसाचें चित्र काढावयास सांगण्याची पद्धत बसविली. चित्र सुंदर आहे कीं नाहीं, याला तेथें गुण नव्हते. डोकें आहे काय, हात आहेत काय, ते धडाला जोडलेले आहेत काय, बोटें पांच आहेत काय, अशा ५१ बाबी मोजावयाच्या आणि मुलाच्या समजुतीचा विकास कोठवर आला आहे याचा अंदाज बांधावयाचा. प्रमिला फाटक यांनीं पुढें भारतीय मुलांसाठीं या पद्धतीची स्वतंत्र मोजपट्टी तयार केली. येथें दावा लहान होता आणि तो मोजतां येत होता.

१९४९ सालीं कॅरेन मॅकोव्हर या बाईंनीं मात्र त्याच चित्रांत स्वभाव शोधला. मोठे किंवा टक लावणारे डोळे काढणारा संशयी, रुंद खांदे काढणाऱ्याला आपल्या पौरुषाची चिंता, अशा प्रकारचे अर्थ लागूं लागले. आबे मिशोंचें कोष्टक जणूं परत आलें. पुष्कळ रुग्णालयांत अशीं चित्रें तपासण्याची प्रथा पडली. १९६७ सालीं चॅपमन पतिपत्नींनीं एक साधा प्रयोग केला. माणसांचीं चित्रें घेऊन त्यांखालीं ‘हा मनुष्य संशयी आहे’ यांसारखीं वाक्यें त्यांनीं अशीं वांटलीं कीं, चित्राचा व वाक्याचा कांहींच संबंध राहूं नये. मग या विषयाचा गंध नसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना, यांत कांहीं संबंध आढळतो काय, असें विचारलें. विद्यार्थ्यांना संबंध आढळला! संशयी माणसें डोळे मोठे काढतात, असेंच त्यांनीं सांगितलें, आणि तज्ज्ञांनीं अनुभवानें मिळविलेलें ज्ञानहि तेंच होतें. संशय म्हटला कीं डोळे आठवतात. भाषेंत तें नातें आधींच असतें, आणि डोळा तें कागदावर शोधून काढतो. तज्ज्ञ खोटें बोलत नव्हते. ते प्रामाणिकपणें पाहत होते, आणि म्हणूनच त्यांना आपली चूक दिसत नव्हती.

हस्ताक्षराचीहि गोष्ट तीच निघाली. फ्रान्समध्यें विसाव्या शतकांत अनेक पेढ्या उमेदवाराच्या हातचा अर्ज मागवून तो अक्षरतज्ज्ञाकडे पाठवीत. १९८९ सालीं नेटर व बेन-शखर या संशोधकांनीं तोंवर झालेल्या १७ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. कामांतील यश ओळखण्याच्या बाबतींत अक्षरतज्ज्ञ हे ती विद्या न शिकलेल्या लोकांहून सरस ठरले नाहींत. जें थोडेंबहुत यश होतें तें बहुधा अर्जांतल्या आत्मचरित्रपर मजकुराचें होतें. सर्वांनीं एकच ठराविक उतारा लिहिला कीं तें यश जवळजवळ नाहींसें होई. ऐंशी वर्षांपूर्वीं बिनेनें लिफाफे कां घेतले, हें यावरून कळतें.

मग अक्षर व रेघ यांची साक्ष सर्वस्वीं टाकावी काय? तसेंहि नाहीं. कंपवाताच्या रोग्याचें अक्षर ओळीगणिक बारीक होत जातें, हें वैद्यांना माहीत आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या कित्येक रोग्यांना घड्याळ काढावयास सांगितलें तर ते सगळे आंकडे एकाच बाजूस दाटीनें भरतात. येथें कागद हाताची व मेंदूची अवस्था सांगतो, आणि ती इतर तपासणीनें पडताळतां येते. न्यायालयांतहि पहिल्या प्रश्नाला स्थान आहे. भारतांत १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमानें हस्ताक्षरतज्ज्ञाचें मत ग्राह्य धरलें होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यांतहि ती तरतूद आहे. मात्र तें मत आहे; तो निकाल नव्हे.

शिकविणाऱ्यांना व आईबापांना यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. महात्मा गांधींनीं आत्मकथेंत आपल्या वाईट अक्षराबद्दल खेद व्यक्त केला आहे. खराब अक्षर हें अपुऱ्या शिक्षणाचें चिन्ह होय, आणि मुलांना लिहिण्यापूर्वीं चित्र काढावयास शिकवावें, असें त्यांनीं सुचविलें. त्यांनीं अक्षराचा दोष स्वभावाकडे न नेतां शिकवणीकडे नेला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मुलाचें अक्षर गिचमीड असलें तर त्याच्या बोटांकडे, बसण्याकडे, दृष्टीकडे व कित्त्याकडे पाहावें. त्यानें घराला दार काढलें नाहीं किंवा आईचें चित्र लहान काढलें, तर त्यालाच जवळ घेऊन चित्रांत काय आहे तें विचारावें. मूल उत्तर देतें. कागद देत नाहीं.

१८९४ सालीं ड्रेफसविरुद्ध मत देणाऱ्या तज्ज्ञांत एत्येन शारावे हा जुन्या दस्तऐवजांचा एक मान्यवर जाणकार होता. पुढें एस्टरहाझीचें अक्षर पाहून त्याचे डोळे उघडले. १८९९ सालीं रेन येथील खटल्यांत तो साक्षीदाराच्या जागीं उभा राहिला आणि आपली चूक झाली होती, हें त्यानें सर्वांसमक्ष सांगितलें. हें सांगून टाकल्यानें आपल्या मनावरचें ओझें उतरलें, असेंहि त्यानें कबूल केलें. अक्षराच्या त्या सगळ्या तपासणींत एवढी एक साक्ष शेवटपर्यंत टिकली.